शेजाऱ्याच्या घराचे हप्ते आपण का भरायचे? थकलेल्या गृहकर्जांना सरकारी मदत द्यावी का, यावरून अमेरिकेत पेटलेला वाद

१९ फेब्रुवारी २००९ची सकाळ. शिकागोच्या वायदेबाजारातून ‘सीएनबीसी’ या अर्थवाहिनीचं थेट प्रक्षेपण चालू होतं. रिक सँटेली नावाचे पत्रकार बोलता बोलता अचानक भडकले. आजूबाजूच्या दलालांकडे वळून त्यांनी विचारलं, की ज्या शेजाऱ्यानं घरात जास्तीची बाथरूम काढली आणि आता ज्याला बिलं भरता येत नाहीत, त्याच्या कर्जाचे हप्ते तुमच्यापैकी कोण भरायला तयार आहे? दलालांनी एकच गलका करून नकार दिला. पुढे सँटेली म्हणाले, की आपण शिकागोमध्ये एक ‘टी पार्टी’ भरवायचा विचार करतोय. १७७३ साली बोस्टन बंदरात ब्रिटिशांच्या चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या होत्या, त्याची ही आठवण होती.

ही क्लिप बघता बघता इंटरनेटवर पसरली. दोन महिन्यांत अमेरिकेच्या शेकडो गावांत ‘टी पार्टी’च्या नावाने निदर्शनं झाली. नोव्हेंबर २०१०च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधीगृहात ६३ जागा जास्तीच्या मिळवल्या. त्या यशात या चळवळीचा मोठा वाटा होता.

आणि सँटेली भडकले होते कशावर? तर आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी जाहीर केलेल्या, गृहकर्जाचे हप्ते थकलेल्या लोकांना मदत करण्याच्या योजनेवर.

गंमत म्हणजे त्याच सरकारी तिजोरीतून बँकांना शेकडो अब्ज डॉलर द्यायचं आधीच ठरलं होतं. त्यावरही लोक चिडले होतेच, पण शेजाऱ्याला मदत मिळणार म्हटल्यावर जो संताप उसळला तो वेगळाच होता. हा वाद नेमका काय होता, कोणाचं म्हणणं काय होतं आणि शेवटी कोण बरोबर ठरलं, ते समजून घेऊया.

एवढी घरं अडचणीत आली कशी?

२००६पर्यंत अमेरिकेत घरांच्या किमती सतत वाढत होत्या. किमती वाढतच राहणार असं गृहीत धरून बँका आणि कर्जकंपन्या कोणालाही कर्ज देत होत्या. उत्पन्नाचा पुरावा न मागता दिलेली कर्जं होती. पहिली दोन वर्षं हप्ता कमी आणि तिसऱ्या वर्षापासून एकदम जास्त, अशी कर्जंही होती. हप्ता वाढला तर काय करायचं? घर महाग झालेलं असेल, नवं कर्ज काढून जुनं फेडायचं. हे गणित किमती चढत्या होत्या तोपर्यंतच चालणार होतं.

२००६च्या मध्यानंतर किमती घसरायला लागल्या आणि २०१२च्या सुरुवातीपर्यंत देशभरात सरासरी पाव हिश्श्याहून जास्त पडल्या. नेवाडा, ॲरिझोना, फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियाच्या काही भागांत तर त्याहून कितीतरी जास्त. त्यातच १५ सप्टेंबर २००८ला लीमन ब्रदर्स ही बँक बुडाली, मंदी चिघळली आणि ऑक्टोबर २००९मध्ये बेरोजगारी १० टक्क्यांवर पोचली.

यातून एक विचित्र परिस्थिती तयार झाली. समजा, कोणी ३ लाख डॉलरचं घर घेतलं आणि २ लाख ८० हजारांचं कर्ज काढलं. आता घराची किंमत २ लाखांवर आली, पण कर्ज मात्र तेवढंच. घर विकलं तरी ७०-८० हजार डॉलर अंगावर राहतात. अशा घरांना अमेरिकेत ‘पाण्याखालची घरं’ म्हणतात. संकटाच्या ऐन काळात अशा घरांची संख्या १ कोटीच्या वर गेली होती. म्हणजे कर्ज असलेल्या दर चार-पाच घरांमागे एक.

एरवी नोकरी गेली तर माणूस घर विकून मोकळा होतो. इथे तेही शक्य नव्हतं. हप्ता भरता येईना, घर विकता येईना, नवं कर्ज मिळेना. उरला एकच रस्ता, घर जप्त होऊन लिलावात जाणं.

ओबामांची योजना नेमकी काय होती?

१८ फेब्रुवारी २००९ रोजी ॲरिझोनातल्या मेसा शहरात ओबामांनी ७५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. नवं स्वस्त कर्ज काढून देणं आणि थकलेलं कर्ज सुसह्य करणं अशा दोन वाटांनी मिळून ७० ते ९० लाख कुटुंबांना मदत होईल, असा सरकारचा अंदाज होता. त्यातला सगळ्यात जास्त गाजलेला भाग म्हणजे कर्जाचा हप्ता कमी करून देणारी ‘हॅम्प’ ही योजना.

हॅम्पचं गणित असं होतं. घराचा हप्ता कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणायचा. त्यासाठी आधी व्याजदर कमी करायचा, अगदी २ टक्क्यांपर्यंत. तेवढ्याने भागलं नाही तर कर्जाची मुदत ४० वर्षांपर्यंत वाढवायची. तरीही जमलं नाही तर मुद्दलाचा काही भाग बिनव्याजी शेवटी ढकलायचा.

उदाहरण घेऊ. एखाद्या कुटुंबाचं उत्पन्न महिन्याला ४,००० डॉलर आणि हप्ता १,६०० डॉलर, म्हणजे ४० टक्के. हप्ता ३८ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १,५२० डॉलरपर्यंत उतरवण्याचा भार कर्ज देणाऱ्याने सोसायचा. तिथून खाली ३१ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १,२४० डॉलरपर्यंत यायला लागणारे २८० डॉलर सरकार आणि कर्ज देणारा यांनी निम्मे निम्मे उचलायचे. म्हणजे सरकारच्या वाट्याला १४० डॉलर.

शेजाऱ्याचा पूर्ण हप्ता सरकार भरणार, असं योजनेत कुठेच नव्हतं. शिवाय घरमालक स्वतः त्या घरात राहत असला पाहिजे, अशी अट होती. गुंतवणूक म्हणून पाच-पाच फ्लॅट घेऊन ठेवलेल्यांना सुरुवातीला यात जागा नव्हती. पण हे तपशील सँटेलींच्या क्लिपसारखे व्हायरल झाले नाहीत.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं काय होतं?

विरोधकांचे मुद्दे नुसते निर्दयपणाचे म्हणून उडवून लावता येणार नाहीत. त्यात तथ्य होतं.

पहिला मुद्दा न्यायाचा. एकाच पगाराची दोन कुटुंबं. एकाने छोटं घर घेतलं, सुट्टीतल्या सहली रद्द केल्या आणि हप्ता वेळेवर भरला. दुसऱ्याने ऋण काढून सण साजरे केले. आता सवलत दुसऱ्याला मिळणार आणि तिचे पैसे पहिल्याच्या करातून जाणार. मग नियमित हप्ते भरणाऱ्याने काय पाप केलं?

दुसरा मुद्दा सवयीचा. अर्थशास्त्रात याला ‘मॉरल हॅझर्ड’ म्हणतात. हप्ता थकवला की सवलत मिळते, हे एकदा कळलं की ज्यांना परवडतं तेही थकवायला लागतात, आणि पुढच्या वेळी लोक आणखी बेफिकीरपणे कर्ज काढतात.

तिसरा मुद्दा भाडेकरूंचा. अमेरिकेत तेव्हा साधारण एक तृतीयांश कुटुंबं भाड्याच्या घरात राहत होती. घरं स्वस्त होण्याची ती वाट बघत होती. सरकारने पैसे ओतून किमती सावरल्या, तर त्यांच्याच करातून त्यांचंच घराचं स्वप्न लांबणार.

मग मदतीच्या बाजूने काय सांगितलं जात होतं?

मदतीच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा दयेचा नव्हता, शेजारच्याच नुकसानीचा होता. सुक्याबरोबर ओलंही जळतं. एका गल्लीतली तीन घरं जप्त होऊन बंद पडली, अंगणात गवत माजलं, खिडक्या फुटल्या, की चौथ्या घराची किंमतही पडते. ते चौथं घर नियमित हप्ते भरणाऱ्याचं असतं. किमती आणखी पडल्या की आणखी घरं पाण्याखाली जातात. घरांवरचा कर कमी जमा झाला, की तिथल्या शाळांच्या बजेटला कात्री लागते, कारण अमेरिकेत शाळांचा बराच खर्च याच करातून चालतो.

दुसरा मुद्दा, जप्तीत बँकेचाही फायदा नसतो. लिलावात घर कवडीमोलाने जातं, त्यावर वकील, डागडुजी आणि रिकामं राहण्याचा खर्च. थोडा कमी हप्ता घेऊन माणसाला घरातच राहू देणं बऱ्याचदा बँकेलाही स्वस्त पडतं.

आणि तिसरा मुद्दा, चूक एकट्या कर्जदाराची नव्हती. पुरावा न मागता कर्ज देणारे, त्या कर्जांची मोट बांधून रोखे विकणारे आणि त्या रोख्यांना उत्तम दर्जाची पावती देणारे, हे सगळे त्यात होते. त्यातल्या अनेकांना ‘टार्प’ या ७०० अब्ज डॉलरच्या निधीचा आधार मिळाला. ऑक्टोबर २००८मध्ये तो कायदा झाला तेव्हा लोकांची घरं वाचवणं हेही त्याचं एक उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं होतं.

मदत जाहीर झाली, पण पोचली का?

इथे गोष्टीला वळण मिळतं. टीव्हीवर वाद चालू होता, की मदत द्यावी की नाही. प्रत्यक्षात प्रश्न वेगळाच निघाला. मदत कोणाच्या हातून द्यायची?

अमेरिकेत तुम्ही ज्या बँकेतून कर्ज घेता ती बँक ते कर्ज बहुतेक वेळा विकून टाकते. हजारो कर्जं एकत्र करून त्यांचे रोखे बनतात आणि ते जगभरचे गुंतवणूकदार घेतात. तुमच्याकडून हप्ते गोळा करायचं काम ‘सर्व्हिसर’ नावाची कंपनी करते. कर्ज तिचं नसतं. तिला त्या कामाची फी मिळते, आणि हप्ता थकला की दंड आणि जप्तीच्या कामाचे पैसेही मिळतात.

हॅम्प राबवायचं काम सरकारने या सर्व्हिसर कंपन्यांवर सोपवलं. दर यशस्वी प्रकरणामागे त्यांना १,००० डॉलर बक्षीस ठेवलं. पण प्रत्येक कुटुंबाचे कागद तपासायचे, फोन घ्यायचे, नवं गणित मांडायचं, यासाठी लागणारी माणसं या कंपन्यांकडे नव्हतीच. त्यांचं सगळं यंत्र हप्ते गोळा करण्यासाठी उभारलेलं होतं.

पुढे जे झालं ते कोणत्याही सरकारी योजनेसाठी खेटे घातलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल. पगाराच्या पावत्या पाठवा. मिळाल्या नाहीत, पुन्हा पाठवा. आता त्या जुन्या झाल्या, नव्या पाठवा. एक विभाग सवलतीचा अर्ज तपासतोय, तर त्याच कंपनीचा दुसरा विभाग घराच्या लिलावाची तारीख काढतोय. भीक नको पण कुत्रं आवर, अशी अनेकांची अवस्था झाली.

त्यात एक जास्तच वाईट प्रकार होता. सवलत कायम होण्याआधी तीन महिने कमी केलेला हप्ता भरून दाखवायचा, अशी चाचणी होती. अनेकांच्या बाबतीत हे तीन महिने लांबत लांबत वर्षावर गेले. २०१० संपेपर्यंत, सुरू झालेल्या चाचण्यांपैकी जवळपास निम्म्या रद्द झाल्या. आणि चाचणी रद्द झाली, की त्या काळात कमी भरलेली सगळी रक्कम थकबाकी म्हणून एकदम मागितली जायची. सांगितलेला हप्ता वेळेवर भरूनही माणूस आधीपेक्षा खोल खड्ड्यात.

२०१६च्या अखेरीला हॅम्प बंद झाली, तेव्हा कायम सवलत मिळालेल्या कुटुंबांचा आकडा सुमारे १७ लाख होता. सुरुवातीचा अंदाज ३० ते ४० लाखांचा होता. १७ लाख हा आकडा लहान नाही, पण यातली बरीचशी मदत वरातीमागून घोडं आल्यासारखी, किमती पडून गेल्यावर आली.

‘टार्प’वर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी नील बारोफ्स्की यांनी २०१२ साली लिहिलेल्या पुस्तकात एक गंभीर गोष्ट सांगितली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, अर्थमंत्री टिमोथी गाइथनर यांनी एका बैठकीत या योजनेची तुलना विमान उतरण्याआधी धावपट्टीवर मारल्या जाणाऱ्या फेसाशी केली होती. म्हणजे जप्त्या एकदम न होता हळूहळू झाल्या, की बँकांना धक्का पचवता येईल. मदत घरमालकाच्या नावाची आणि हिशोब बँकेच्या तब्येतीचा, असा बारोफ्स्की यांचा आरोप होता. उलट बाजूने सांगितलं जातं, की बँका कोसळल्या असत्या तर बेरोजगारी आणखी वाढली असती आणि आणखी घरं गेली असती.

मुद्दलच कमी का केलं नाही?

पाण्याखालच्या घरांचा खरा आजार म्हणजे घराच्या किमतीपेक्षा मोठं मुद्दल. मग तेच कमी करावं, असा पर्याय पुढे आला आणि इथे वाद आणखी तापला.

अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात एक चमत्कारिक भेद आहे. दिवाळखोर शेतकऱ्याचं शेतीवरचं कर्ज, किंवा कोणाचं सुट्टीसाठी घेतलेल्या दुसऱ्या घराचं कर्ज, न्यायाधीश मालमत्तेच्या आजच्या किमतीइतकं खाली आणू शकतात. पण माणूस स्वतः राहतो त्या घराचं कर्ज मात्र असं कमी करता येत नाही. हा भेद काढून टाकणारं विधेयक मार्च २००९मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं. बँकांनी त्याला कडाडून विरोध केला. जोखीम वाढली की सगळ्यांसाठीच व्याजदर वाढतील, हा त्यांचा युक्तिवाद होता. ३० एप्रिल २००९ला सिनेटमध्ये हा प्रस्ताव ४५ विरुद्ध ५१ मतांनी पडला. यात सरकारी तिजोरीतून एक डॉलरही जाणार नव्हता. तोटा कर्ज देणाऱ्यांना सोसावा लागणार होता.

२०१२मध्ये पुन्हा प्रयत्न झाला. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या सरकारच्या ताब्यातल्या महाकाय गृहकर्ज संस्थांनी मुद्दल कमी करावं, असं ओबामा सरकारचं म्हणणं होतं. या संस्थांवर देखरेख करणारे एडवर्ड डीमार्को यांनी जुलै २०१२मध्ये नकार दिला. लोक मुद्दाम हप्ते थकवतील आणि करदात्यांचं नुकसान होईल, अशी त्यांची भीती होती.

लोक खरंच मुद्दाम हप्ते थकवतात का?

टीव्हीवरच्या वादात प्रत्येकाकडे एक शेजारी असतो. अर्थतज्ज्ञांनी मात्र लाखो कर्जांचे आकडे तपासले. उत्तर दोन्ही बाजूंना थोडं बोचणारं आहे.

कंट्रीवाइड या मोठ्या कर्जकंपनीने ऑक्टोबर २००८मध्ये अनेक राज्य सरकारांशी तडजोड करून थकलेल्या कर्जदारांना सवलत देण्याचं मान्य केलं. क्रिस्तोफर मेयर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं, की घोषणेनंतर कंपनीच्या कर्जदारांमध्ये हप्ते थकण्याचं प्रमाण आधीच्या तुलनेत साधारण १० टक्क्यांनी वाढलं. म्हणजे सवलतीसाठी थकवणारे लोक असतात. विरोधकांची भीती कल्पनेतली नव्हती.

पण पीटर गॅनोंग आणि पास्कल नोएल यांच्या अभ्यासात दुसरी बाजू समोर आली. पाण्याखालच्या घरांचे जे हप्ते थकले, त्यातले केवळ घराची किंमत पडली म्हणून थकलेले फक्त ६ टक्के होते. बाकी बहुतेकांच्या घरात काहीतरी घडलेलं होतं. उत्पन्न आटलं होतं, आजारपण आलं होतं, कुटुंब मोडलं होतं.

याच दोघांच्या आणखी एका अभ्यासाने मदत समर्थकांनाही धक्का दिला. मासिक हप्ता तोच ठेवून नुसतं मुद्दल कमी केलं, तर हप्ते थकण्याच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. हप्ता कमी झाला तेव्हा मात्र पडला. याचा अर्थ, अडचणीतल्या माणसाला वीस वर्षांनंतरच्या हिशोबापेक्षा या महिन्याच्या एक तारखेची चिंता जास्त असते. यावर मतभेद आहेत. अतीफ मियाँ आणि अमीर सूफी यांनी ‘हाउस ऑफ डेट’ या २०१४च्या पुस्तकात मांडलं, की कर्जाच्या ओझ्यामुळेच लोकांनी खर्च थांबवला आणि मंदी लांबली, त्यामुळे वेळीच कर्जाचा भार हलका केला असता तर सगळ्यांचाच फायदा होता.

याआधी असं काही झालं होतं का?

झालं होतं आणि बऱ्यापैकी जमलंही होतं. १९३०च्या महामंदीत जून १९३३मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ काढली. या सरकारी महामंडळाने बँकांकडून थकलेली कर्जंच विकत घेतली. बँकेला रोखे दिले आणि घरमालकाला नवं, लांब मुदतीचं कर्ज दिलं. तीन-पाच वर्षांत सगळं फेडायच्या कर्जांऐवजी १५ वर्षांचे समान हप्ते आणि ५ टक्के व्याज. तीन वर्षांत १० लाखांहून जास्त घरांना अशी कर्जं मिळाली.

ही खैरात नव्हती. ज्यांनी नवे हप्तेही भरले नाहीत, अशा साधारण दर पाचातल्या एकाचं घर महामंडळाने ताब्यात घेतलं. १९५१मध्ये महामंडळ बंद झालं तेव्हा तिजोरीला तोटा नव्हता, उलट थोडा नफाच होता. मात्र याच संस्थेने शहरांचे नकाशे बनवून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने ‘धोकादायक’ म्हणून दाखवल्या, हा डागही तिच्यावर आहे.

हॅम्पशी तुलना केली तर मुख्य फरक लगेच दिसतो. १९३३मध्ये निर्णय घेणारा आणि कर्जाचा मालक एकच होता. २००९मध्ये मदत देणारा सरकार, निर्णय घेणारा सर्व्हिसर आणि तोटा सोसणारा जगात कुठेतरी बसलेला गुंतवणूकदार, असे तिघं वेगळे होते.

कोरोनाच्या वेळी काय बदललं?

२७ मार्च २०२० रोजी अमेरिकेत ‘केअर्स’ कायदा झाला. ज्या गृहकर्जांमागे केंद्र सरकारची हमी किंवा पाठबळ आहे, त्यांचे हप्ते १८० दिवस आणि गरज पडल्यास आणखी १८० दिवस थांबवता येतील, अशी तरतूद त्यात होती. कोरोनामुळे अडचण आली आहे, एवढं सांगायचं. पगाराची पावती नाही, पुरावा नाही.

मे २०२०मध्ये एकाच वेळी ४० लाखांहून जास्त कुटुंबांनी ही सवलत घेतलेली होती. थांबवलेले हप्ते एकदम भरायची सक्ती नव्हती. अनेकांची ती रक्कम बिनव्याजी कर्जाच्या शेवटी नेऊन ठेवली गेली. जप्त्यांची लाट आली नाही. अर्थात यावेळी घरांच्या किमती पडल्या नाहीत, उलट वाढल्या, त्यामुळे अडचणीतल्या माणसाला घर विकण्याचा रस्ता मोकळा होता. सगळं श्रेय कायद्याला देता येणार नाही. पण पुराव्याची अट काढल्यावर मदत किती पटकन पोचते, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं.

आपल्याकडे काय झालं?

योगायोग बघा, त्याच दिवशी, २७ मार्च २०२०ला, रिझर्व्ह बँकेनेही तीन महिने हप्ते थांबवण्याची, म्हणजे मोरॅटोरियमची मुभा दिली. ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. पण यात व्याज चालूच होतं.

ते किती महाग पडतं? ३० लाखांचं, ८ टक्के व्याजाचं, २० वर्षांचं नवं कर्ज घ्या. हप्ता साधारण २५,०९३ रुपये. सहा महिने थांबलात तर अंदाजे १ लाख २२ हजार रुपये व्याज मुद्दलात मिळतं. हप्ता तेवढाच ठेवला तर २४० ऐवजी जवळपास २६६ हप्ते भरावे लागतात. थांबवले सहा, वाढले सव्वीस!

व्याजावरही व्याज का, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २०२०मध्ये केंद्र सरकारने २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवर चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक स्वतः द्यायचं ठरवलं. वरच्या उदाहरणात हा फरक सुमारे २,००० रुपये येतो. २३ मार्च २०२१च्या निकालात न्यायालयाने पूर्ण व्याजमाफी नाकारली, पण मोरॅटोरियमच्या काळात व्याजावर व्याज कोणालाच लावायचं नाही, असं सांगितलं.

या योजनेत एक महत्त्वाची गोष्ट होती. ज्यांनी हप्ते थांबवले नाहीत, वेळेवर भरले, त्यांनाही हा फरक मिळाला. सँटेलींच्या प्रश्नाला रक्कम छोटी असली तरी उत्तर सरळ होतं.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाहीच. २०१७च्या शेतकरी कर्जमाफीत दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ झाली, तेव्हा नियमित फेडणाऱ्या शेतकऱ्यांसाठी कर्जाच्या २५ टक्के, जास्तीत जास्त २५ हजार रुपयांचं अनुदान ठेवावं लागलं. २०१९च्या कर्जमाफीनंतर ते ५० हजारांपर्यंत गेलं. पारावरचा वाद आणि शिकागोच्या बाजारातला वाद एकच आहे, फक्त तिकडे घर आहे आणि इकडे शेत.

रखडलेल्या इमारतींचा प्रश्न वेगळा. तिथे ग्राहक घरभाडं आणि हप्ता दोन्ही भरत बसतो. त्यांच्यासाठी २०१९मध्ये केंद्राने ‘स्वामीह’ निधी काढला. त्याचे पैसे घेणाऱ्याला मिळत नाहीत, अडकलेला प्रकल्प पूर्ण करायला मिळतात. त्यातून मदत मिळालेला पहिला प्रकल्प मुंबईतल्या बोरिवलीचा होता.

मग कोण बरोबर होतं?

सँटेलींचा प्रश्न चुकीचा नव्हता, अपुरा होता. एकाही अपात्र माणसाला मदत जाऊ नये, ही मागणी ऐकायला योग्य वाटते. पण तिची किंमत असते. अपात्र गाळायला कागद लागतात, कागद तपासायला माणसं लागतात, त्यात महिने जातात आणि तेवढ्यात पात्र माणसाचं घर लिलावात निघतं. दुसऱ्या टोकाला, काहीच न तपासता दिलेली मदत थोड्या लबाडांच्याही खिशात जाते. या दोन चुकांपैकी कोणती चूक जास्त महाग पडते, हे परिस्थितीवर ठरतं. २००९मध्ये अमेरिकेने पहिली चूक टाळायची ठरवलं, असं वाटलं, पण प्रत्यक्षात दुसरीच्या भीतीने पहिली केली.

त्यामुळे पुढच्या वेळी कुठलीही कर्जसवलत जाहीर झाली आणि व्हॉट्सॲपवर भांडण सुरू झालं, की चार गोष्टी विचारून बघा. या महिन्याचा हप्ता कमी होतोय, की फक्त पुढे ढकलला जातोय? थांबलेल्या काळाचं व्याज कोण भरणार? अर्ज मंजूर करणाऱ्याचा फायदा मंजुरीत आहे की नाकारण्यात? आणि वेळेवर भरणाऱ्याला काय मिळणार?

ही चार उत्तरं मिळाली, की शेजाऱ्याच्या बाथरूमपर्यंत जायची फारशी गरज उरत नाही.